लेपाखालचा अजिंठा : भित्तिचित्रांवरील रोगण व लाख उतरविण्याचा इतिहास

प्रास्ताविक

अजिंठ्याच्या चित्रांविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. जातककथांचे कथन, चित्रशैलीचे सौंदर्य आणि लेण्यांचा कालनिर्णय हे त्या लेखनाचे प्रमुख विषय होत. चित्रे भिंतीवर कशी आली याची चर्चाही पुष्कळ झाली आहे. मात्र गेल्या सुमारे १८० वर्षांत त्या चित्रांवर नव्याने काय काय चढविले गेले आणि ते पुन्हा कोणी, कसे उतरविले, हा प्रश्न त्या मानाने दुर्लक्षित राहिला. आज पहिल्या किंवा सतराव्या लेण्यात उभा असलेला प्रेक्षक जे पाहतो, ते केवळ वाकाटककालीन चित्रकाराच्या कुंचल्याचे काम नसते. त्याच्या डोळ्यांत आणि मूळ रंगात रोगण, लाख, काजळी, कृत्रिम राळ आणि त्यांच्या सफाईच्या खुणा यांचा एक पातळसा इतिहास पसरलेला असतो.

प्रस्तुत लेखात या इतिहासाचा मागोवा घेतला आहे. रंगलेप उतरविणे हे वरवर पाहता रंगाऱ्याचे किंवा फार तर रसायनशास्त्रज्ञाचे काम वाटते. परंतु अनेक थरांपैकी कोणता थर 'चित्र' आणि कोणता 'मळ', हे ठरविल्यावाचून कापसाचा बोळा भिंतीला लावता येत नाही, आणि हे ठरविण्याचे काम इतिहासाचे आहे, अशी या लेखाची भूमिका आहे.

रंग उतरविण्याचे तत्त्व

प्रथम सामान्य व्यवहारातील उदाहरण घेऊ. जुन्या वाड्याच्या सागवानी दारावर पिढ्यान्‌पिढ्या तैलरंगाचे हात बसलेले असतात. ते उतरविण्यासाठी रंगारी तीनपैकी एक मार्ग पत्करतो. एक तर पत्रीने खरवडून वर पॉलिश पेपर घासतो, किंवा ब्लो लॅम्पच्या ज्योतीने रंग फुगवून सोलून काढतो, नाही तर कॉस्टिक सोड्यासारख्या दाहक पदार्थाने तो मऊ करतो. प्रत्येक मार्गाची किंमत लाकडाला मोजावी लागते. खरवडण्यात कोरीवकामाच्या कडा बोथट होतात, ज्योतीने लाकूड करपते आणि जुन्या रंगात शिसे असल्यास त्याचा विषारी धूर कारागिराच्या छातीत जातो. कॉस्टिकने सागवान काळवंडते. कपड्यावर ताजा तैलरंग सांडला तर तो टर्पेंटाइनने निघतो, कारण टर्पेंटाइन तेलाला विरघळविते आणि सुती धाग्याला काही करीत नाही. हाच डाग महिनाभर वाळू दिला, तर तेलाचे घट्ट जाळे बनते आणि टर्पेंटाइन निरुपयोगी ठरते.

या साध्या व्यवहारात एक तत्त्व दडलेले आहे. जे काढावयाचे ते विरघळले पाहिजे आणि जे राखावयाचे ते विरघळता कामा नये. या दोहोंच्या विद्राव्यतेत जेवढे अंतर, तेवढीच सफाई करणाऱ्याची सुरक्षित जागा. काळ जसजसा जातो, तसतसे हे अंतर बहुधा कमी होत जाते. अजिंठ्याची सारी कथा या कमी होत गेलेल्या अंतराची कथा आहे.

अजिंठ्याची भिंत ही खऱ्या अर्थाने 'फ्रेस्को' नव्हे. ओल्या चुन्यावर रंग लावला की चुना सुकताना रंग त्यात कायमचा कोंडला जातो. तसे येथे घडलेले नाही. काळ्या पाषाणाच्या खडबडीत पृष्ठभागावर माती, भाताचा तूस, वनस्पतींचे तंतू व वाळू यांचा गिलावा, त्यावर पांढऱ्या लेपाचा पातळ हात आणि त्या कोरड्या पृष्ठभागावर सरसासारख्या बंधकात कालविलेले रंग, अशी ही रचना आहे. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळ, पांढरी माती ही स्थानिक रंगद्रव्ये. निळ्यासाठी तेवढा दूरदेशीचा लाजवर्द. सरस पाण्याने सैल होतो. म्हणून पाणी या चित्रांचा शत्रू आहे, आणि ज्या द्रावकांनी राळ किंवा लाख विरघळते ते द्रावक काळजीपूर्वक वापरल्यास सरसाला फारसा धक्का लावीत नाहीत. पुढील सर्व सफाई याच एका फटीतून झाली.

सोलणे, नकलणे आणि रोगण

१८१९ च्या एप्रिलमध्ये मद्रास घोडदळातील जॉन स्मिथ या अधिकाऱ्याने ही लेणी पाहिली आणि युरोपीय जगाला त्यांची वार्ता मिळाली. त्यानंतरच्या दोन दशकांत आलेल्या पाहुण्यांनी चित्रांचे जे केले त्याला अभ्यास म्हणणे कठीण आहे. मुंबईच्या डॉ. जेम्स बर्ड यांनी सतराव्या लेण्यातील, त्या काळी 'राशिचक्र' समजल्या गेलेल्या चित्रातून काही आकृती भिंतीपासून सोलून काढण्याचा प्रयत्न केला. मातीच्या गिलाव्यावरील कोरडा रंग असा सुटा निघत नाही, तो हातात चुरा होतो; तसाच तो झाला. ज्ञानाच्या लोभापायी झालेली ही हानी वाचताना संताप येतो. पण ते गृहस्थ मुंबईच्या विद्वत्सभेत आदराने वावरत होते, ही गोष्टही लक्षात ठेवली पाहिजे.

जेम्स फर्ग्युसन यांनी १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे लेण्यांवरील निबंध वाचला आणि चित्रे नष्ट होण्यापूर्वी त्यांच्या नकला व्हाव्यात असा आग्रह धरला. त्याचा परिणाम म्हणून १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मेजर रॉबर्ट गिल यांची नेमणूक केली. गिल यांनी आयुष्याची पुढील अनेक वर्षे अजिंठ्याच्या परिसरात काढली आणि कॅनव्हासवर तैलरंगात भव्य नकला तयार केल्या. लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या या नकलांपैकी बहुतेक १८६६ च्या आगीत जळून गेल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत हंगामागून हंगाम राबले. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांतील अग्रगण्य होत. १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथे लागलेल्या आगीत याही नकलांतील पुष्कळ नष्ट झाल्या. उरलेल्या कामाच्या आधारे ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाला.

मूळ चित्रांवर रोगणाचा लेप चढला तो या नकलांच्या निमित्ताने. कारण समजण्यास सोपे आहे. शतकानुशतकांची धूळ, वटवाघळांची विष्ठा आणि धूर यांनी भिंतीचा पृष्ठभाग निस्तेज व खरखरीत झाला होता. अशा पृष्ठभागावर प्रकाश विखुरतो आणि रंग फिकट दिसतात. नदीकाठचा वाळलेला खडा पाण्यात बुडविला की त्याचे रंग एकदम खुलतात; रोगण तेच करते आणि पाण्याप्रमाणे लगेच उडूनही जात नाही. नकलाकाराला रेषा दिसावयास हवी होती, ती दिसू लागली. शिवाय तैलचित्राच्या परंपरेत वाढलेल्या चित्रकाराला रोगण हा शेवटचा, रक्षणकर्ता हात वाटे. युरोपात चित्र पूर्ण झाले की त्यावर रोगण देतात आणि ते पिवळे पडले की काढून नवे देतात. तैलरंगाचा वाळलेला थर हे सोसतो. मातीवरील सरसाचा रंग सोसत नाही, हे गिल किंवा ग्रिफिथ्स यांना उमगले असावे असे त्यांच्या कृतीवरून दिसत नाही. त्यांच्या हेतूविषयी मात्र शंका घेण्याचे कारण नाही.

नैसर्गिक राळेचे रोगण हवेतील प्राणवायूने पिवळे, पुढे तपकिरी पडते. ते सुकताना आकुंचन पावते आणि खालच्या दुर्बळ रंगाला आपल्याबरोबर ओढते; रंगाचे पापुद्रे कडेने वळून उभे राहतात. पावसाळ्यात पाषाणातून झिरपणारा ओलावा बाहेर पडण्यास वाव न मिळाल्याने लेपामागे कोंडतो. ज्या वस्तूने चित्र दिसू लागले तीच पुढे चित्राला झाकू लागली आणि सोलूही लागली.

या संदर्भात लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम यांचा उल्लेख आवश्यक आहे. १९०९ ते १९११ या काळात त्यांनी नंदलाल बोस, असित हालदार, समरेंद्रनाथ गुप्त, वेंकटप्पा तसेच हैदराबादचे सय्यद अहमद व फझलुद्दीन काझी यांच्या साहाय्याने नव्या नकला केल्या. चेन्निनो चेन्निनी या जुन्या इटालियन चित्रकाराच्या तंत्रविषयक ग्रंथाचा त्यांनी १८९९ मध्ये इंग्रजी अनुवाद केला होता आणि टेंपेरा तंत्राच्या पुनरुज्जीवनात त्यांचा मोठा वाटा होता. म्हणजे तैलरंगाहून वेगळ्या, कोरड्या पृष्ठभागाच्या चित्राकडे पाहण्याची दृष्टी अजिंठ्यात पोहोचली ती गिल यांच्यानंतर ६० हून अधिक वर्षांनी. तोवर रोगण पक्के झाले होते.

इटालियन तज्ज्ञ आणि लाख

अजिंठा निजामाच्या राज्यात होता. १९१४ मध्ये हैदराबाद संस्थानाचे पुरातत्त्व खाते स्थापन झाले आणि गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले. चित्रांच्या रक्षणासाठी या खात्याने थेट इटलीतून तज्ज्ञ बोलाविले. प्रा. लोरेंझो चेक्कोनी आणि त्यांचे साहाय्यक काउंट ओर्सिनी यांनी १९२० ते १९२२ या काळात दोन हंगाम काम केले. सुटलेला गिलावा त्यांनी भिंतीला पुन्हा चिकटविला, त्याचे काठ बांधून घेतले, जुन्या रोगणाचा व काजळीचा काही भाग उतरविला. हे काम झाले नसते तर आज दिसणाऱ्या चित्रांपैकी किती उरली असती, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. गिलावा कोसळल्यावर सफाईचा वाद घालण्यास भिंतच उरत नाही.

तथापि शेवटचा हात म्हणून त्यांनी जे वापरले ते होते स्पिरिटमध्ये विरघळविलेले चपडा लाखेचे द्रावण. यातील विरोधाभास लक्षणीय आहे. लाख ही अस्सल भारतीय वस्तू; पळस, बोर, कुसुम या झाडांवरील कीटकांचा स्राव. सुतार लाकडी सामानाला जे स्पिरिट पॉलिश करतो ते याच लाखेचे. अजिंठ्याच्या डोंगराभोवतीच्या रानातही पळस कमी नाही. ती लाख सातासमुद्रापलीकडच्या तज्ज्ञाच्या हातून अजिंठ्याच्या भिंतीवर आली.

लाखेची निवड त्या काळच्या ज्ञानाला धरून होती. ती स्पिरिटमध्ये विरघळते, पाण्याला दाद देत नाही, पातळ पसरते आणि लगेच सुकते. गरज पडल्यास स्पिरिटनेच काढता येईल, असा हिशेब असणार. पण न विरंजिलेली लाख मुळातच पिंगट असते. कालांतराने तिच्या रेणूंची परस्परांशी बांधणी होत जाते आणि मग ती साध्या स्पिरिटला विरघळेनाशी होते. थोडक्यात, महिनाभर वाळलेल्या तैलरंगाच्या डागाचे जे होते तेच येथे झाले, फक्त डाग बोधिसत्त्वाच्या चेहऱ्यावर होता. जुन्या रोगणावर लाख, लाखेवर धूळ, आणि दोन लेपांच्या मध्ये राहून गेलेली काजळी असा एक संमिश्र तपकिरी पडदा तयार झाला. अजिंठ्याच्या चित्रांचे रंग 'उबदार' आहेत, असे जे वर्णन वाचनात येते, त्यातील काही ऊब या पडद्याची आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

पुरातत्त्व सर्वेक्षणाची सफाई

स्वातंत्र्यानंतर व हैदराबादच्या विलीनीकरणानंतर लेणी राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक ठरली आणि १९५० च्या दशकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आली. सर्वेक्षणाच्या रसायन शाखेची परंपरा १९१७ पर्यंत मागे जाते. मोहंमद सनाउल्लाह हे तिचे पहिले पुरातत्त्व-रसायनशास्त्रज्ञ, आणि पुढे देहरादून हे तिचे केंद्र झाले. मद्रासच्या शासकीय संग्रहालयातून कामास आरंभ करणारे डॉ. एस. परमशिवन यांनी भारतीय भित्तिचित्रांच्या गिलाव्याचे व रंगांचे रासायनिक विश्लेषण करून ठेवले होते. त्यामुळे भिंतीत काय आहे हे जाणून मग तिला हात लावण्याची शक्यता प्रथमच निर्माण झाली. गिल यांच्यापुढे हा पर्याय नव्हता.

या सफाईची प्रत्यक्ष रीत सांगण्यासारखी आहे. प्रथम सैल झालेला रंग स्थिर करावयाचा. सुटणाऱ्या पापुद्र्यावर बोळा फिरविला तर मळाबरोबर चित्रही येते. मग कोपऱ्यातील, कमी महत्त्वाच्या ठिकाणी पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेवर चाचणी घ्यावयाची. काडीला गुंडाळलेला कापूस द्रावकात बुडवून, निथळवून, हलकेच फिरवावयाचा. दुसऱ्या हातात टर्पेंटाइनसारख्या मंद द्रवात भिजविलेला बोळा तयार ठेवावयाचा. पहिल्याचा जोर वाढतो आहे असे दिसताच दुसऱ्याने तो थांबवावयाचा. बोळ्यावर तपकिरी डाग आला तर तो लाखेचा किंवा रोगणाचा. लाल, हिरवा अथवा पिवळा रंग आला की त्या क्षणी काम बंद. दिवसभराच्या श्रमानंतर तळहाताएवढी जागा साफ झाली तरी ती प्रगतीच मानावयाची. अतिनील प्रकाशात लाख नारिंगी आणि राळेचे रोगण हिरवट-पिवळे चमकते. त्यामुळे डोळ्यांना एकच दिसणारा तपकिरी पडदा दोन वेगवेगळ्या शतकांत विभागता येतो. साध्या स्पिरिटला न बधणाऱ्या लाखेसाठी अधिक तीव्र द्रावकांची मिश्रणे योजावी लागली. येथेच खरा धोका होता, कारण द्रावक जितका तीव्र, तितके मूळ बंधकापासूनचे अंतर कमी.

सफाईनंतर काय, हा प्रश्न पुन्हा उभा राहिलाच. उघडा पडलेला रंग धुळीच्या व दमट हवेच्या स्वाधीन करवेना. तेव्हा विसाव्या शतकाच्या मध्यास जगभर प्रचलित असलेली पॉलिव्हिनिल ॲसिटेट ही कृत्रिम राळ पातळ करून रक्षक लेप म्हणून देण्यात आली. ती लाखेसारखी पिंगट पडत नाही आणि बऱ्याच काळानंतरही विशिष्ट द्रावकांत विरघळते, हा तिचा गुण. परंतु उष्ण हवेत ती मऊ होऊन धूळ धरून ठेवते आणि पृष्ठभागाला परकी चकाकी देते. रोगण उतरविणाऱ्याने लाख दिली होती, लाख उतरविणाऱ्याने कृत्रिम राळ दिली, आणि पुढील पिढीच्या कामाच्या यादीत ती राळही दाखल झाली.

नवव्या व दहाव्या लेण्यांतील काम यापेक्षा अवघड होते. ही दोन्ही चैत्यगृहे सातवाहनकालीन. तेथील सर्वांत जुनी चित्रे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांतील मानली जातात. काजळी, मळ आणि लाख यांच्या दाट थरांमुळे ती जवळजवळ दिसेनाशी झाली होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस सर्वेक्षणाचे राजदेव सिंह यांच्या देखरेखीखाली येथे पुन्हा सफाई सुरू झाली आणि काळ्या भिंतीतून माणसांचे, राण्यांचे, हत्तींचे समूह वर आले. भारतीय चित्रकलेच्या इतिहासाचा आरंभ ज्या भिंतीवरून सांगावयाचा, ती भिंत पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ एकोणिसाव्या शतकातील नकलांच्या आधारे वर्णिली जात होती. सफाईने प्रत्यक्ष पुरावा परत मिळवून दिला, हे या कामाचे मोल इतिहासाच्या अभ्यासकाने मान्य केले पाहिजे.

तरीही सफाई झालेल्या भागाचे काही रसिकांना वाईट वाटते. रंग पूर्वी खोल होते, आता कोरडे वाटतात, अशी तक्रार ऐकू येते. ही तक्रार सर्वस्वी अज्ञानमूलक म्हणून सोडून देता येणार नाही. द्रावकाने लेपाबरोबर रंगाचा अतिसूक्ष्म अंश कोठेच गेला नसेल, असे छातीठोकपणे कोणीही सांगू शकत नाही. दुसऱ्या बाजूने, गेली १०० वर्षे पाहण्याची जी सवय झाली ती लाखेतून पाहण्याची होती.

थर कोणता आणि मळ कोणता

असाच वाद रोममध्ये सिस्टाइन चॅपलच्या छतावरून झाला. तेथे १९८० च्या दशकात मायकेल अँजेलोच्या चित्रांवरील मेणबत्त्यांची काजळी आणि पूर्वीच्या सफाईकारांनी दिलेले सरसाचे काळवंडलेले लेप काढण्यात आले आणि अंधुक समजल्या गेलेल्या चित्रकाराचे झळझळीत रंग बाहेर पडले. अमेरिकन कलेतिहासकार जेम्स बेक यांनी आक्षेप घेतला की, त्यातील काही काळसर हात खुद्द मायकेल अँजेलोने कोरड्या भिंतीवर नंतर दिलेले होते आणि मळ समजून तेच पुसले गेले. लंडनच्या नॅशनल गॅलरीत तर हा वाद १८४० च्या दशकापासून अधूनमधून पेटत आला आहे. इटालियन विद्वान चेझारे ब्रांदी यांनी १९४९ मध्ये, चित्राच्या पृष्ठभागावर काळाने चढविलेली छटा हीही राखण्याजोगी असू शकते, असा पक्ष मांडला. या सर्व वादांत दोन्ही बाजूंचे रसायनशास्त्र जवळपास सारखेच होते. मतभेद होता तो कोणत्या क्षणाचे चित्र 'खरे' मानावयाचे याविषयी.

हा प्रश्न अधिक टोकदार झाला तो तंजावरात. राजराज चोळाने बांधविलेल्या बृहदीश्वर मंदिराच्या गर्भगृहाभोवतीच्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गात नायक राजवटीतील चित्रे होती. १९३१ मध्ये अण्णामलै विद्यापीठाचे एस. के. गोविंदस्वामी यांना नायककालीन रंग जेथे गळून पडला होता तेथे खाली दुसरीच चित्रे दिसली. ती अकराव्या शतकातील चोळचित्रे होती. येथे वरचा थर काजळी नव्हता, रोगण नव्हता; तेही चित्रच होते, सुमारे ३५० वर्षांचे. चोळचित्र पाहावयाचे तर नायकचित्र काढले पाहिजे, आणि नायकचित्र मळ म्हणून पुसून टाकण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनशास्त्रज्ञांनी यावर मार्ग काढला. वरचा रंगथर त्याच्या गिलाव्यासह भिंतीपासून अलग करून तंतुकाचेच्या फलकांवर पुन्हा बसविण्यात आला. आज दोन्ही चित्रे अस्तित्वात आहेत, जरी नायकचित्र आपल्या भिंतीला पारखे झाले आहे. त्याच मंदिराच्या प्राकारभिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला, हे वाचकांस ज्ञात असेलच. एकाच वास्तूवर चोळ, नायक आणि मराठे या तिघांनी आपापला थर दिला. उद्या मराठी कोरीव अक्षरांखाली काही प्राचीन सापडले, तर आपण कोणती भूमिका घेऊ, हा प्रश्न मराठी अभ्यासकाने स्वतःला खाजगीत विचारून पाहावा.

महाराष्ट्रातील देवस्थानांत हा प्रश्न शेंदराच्या रूपाने येतो. शेंदूर म्हणजे शिशाचा लाल ऑक्साइड; तेलात कालवून तो मूर्तीला लावतात आणि वर्षानुवर्षांच्या हातांनी त्याचे जाड कवच होते. २०२२ मध्ये वणी येथील सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरील असे थर शास्त्रीय पद्धतीने उतरविण्यात आले आणि पाषाणातील मूळ स्वरूप दिसू लागले. रसायनाच्या भाषेत ते कवच म्हणजे तेलात बसलेले रंगद्रव्य, वाड्याच्या दारावरील रंगाचेच भावंड. भक्ताच्या भाषेत त्या कवचाचा प्रत्येक थर ही एक पूजा होती. म्हणून तेथील काम पूजाविधीच्या मर्यादा सांभाळून करावे लागले. खेड्यापाड्यांतील हेमाडपंती देवळांच्या खांबांवर गावकऱ्यांनी हौसेने दिलेल्या निळ्या-गुलाबी तैलरंगाबाबत मात्र असा विचार क्वचितच होतो. वाळूचा झोत मारून तो झटपट उडविला जातो, आणि त्याबरोबर कोरीव नक्षीची धारही जाते. उतावळ्या सफाईपेक्षा तो निळा रंग परवडला, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. रंग पुढेमागे काढता येईल, गेलेली धार परत येणार नाही.

अजिंठ्यातही असा प्रश्न आहेच. दहाव्या लेण्याच्या खांबांवरील बुद्धप्रतिमा पाचव्या शतकाच्या सुमाराच्या, म्हणजे त्या लेण्याच्या खोदकामानंतर काही शतकांनी आलेल्या आहेत. सातवाहनकालीन चैत्यगृहाच्या दृष्टीने पाहिले तर त्याही 'नंतरचा थर' ठरतात. त्या काढाव्यात असे कोणीही म्हणणार नाही, कारण त्यांची प्राचीनता आपल्याला पुरेशी वाटते. मग किती वर्षांनंतर लेप हा चित्र होतो? नायकचित्राला साडेतीनशे वर्षे पुरली. ग्रिफिथ्स यांच्या रोगणाला दीडशे वर्षे होऊनही ते मळच राहिले. वयाचा येथे संबंध नसावा. नायकचित्रात कोणाला तरी काही सांगावयाचे होते, रोगणाला स्वतःचे असे काही सांगावयाचे नव्हते, हा फरक असावा. पण तेही पूर्णतः खरे नाही, कारण त्या रोगणाने निदान एवढे तरी सांगितले की, १८७० च्या दशकात मुंबईचे काही तरुण विद्यार्थी या अंधारात चित्र नीट दिसावे म्हणून धडपडत होते. त्यामुळे सफाईपूर्वी प्रत्येक थराचे छायाचित्र, नमुना व टिपण ठेवणे हा आज सर्वमान्य नियम झाला आहे. सिस्टाइनच्या छतावर सफाई करताना काही लहान चौकोन मुद्दाम काळेच ठेवले आहेत, ते याच हेतूने.

दहाव्या लेण्यातील अक्षरे

शेवटी जॉन स्मिथकडे वळू. दहाव्या लेण्यातील एका खांबावर त्याचे नाव, पलटण आणि १८१९ च्या एप्रिलमधील तारीख अद्याप वाचता येते. आज उभ्या माणसाच्या नजरेच्या बरीच वर ती अक्षरे आहेत. त्या वेळी लेण्यात साचलेल्या मातीच्या व दगडांच्या ढिगावर उभा राहून त्याने ती कोरली, म्हणून इतकी उंच. ज्या खांबावर ती आहेत त्यावर बुद्धप्रतिमा रंगविलेली होती. टोकदार हत्याराने रंग खरवडूनच ती अक्षरे उमटली. अजिंठ्यात आधुनिक काळात रंग उतरविण्याची नोंद असलेली ही पहिली घटना म्हटली पाहिजे.

प्रस्तुत लेखकाने ती अक्षरे पाहिली तेव्हा मार्गदर्शक पर्यटकांना तीच सर्वांत आधी दाखवीत होता. त्याच्या विजेरीचा झोत बुद्धाच्या मुखावर नव्हे, स्मिथच्या नावावर स्थिरावला होता. त्या ओरखड्यांत रंग भरून चित्र अखंड करणे तंत्रदृष्ट्या मुळीच अवघड नाही. आजवर कोणी ते केलेले नाही.